निळ्या खोलीची घंटा

पेनस्टन हॉल, श्रॉपशायर
९ ऑक्टोबर १९५४

चि. ऑब्रीस हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

छत फार गळतं, म्हणून मी आता खाली स्वयंपाकघरात राहते. भिंतीवर नोकरांना बोलवायच्या अकरा घंटा अजून आहेत, प्रत्येकीखाली खोलीचं नाव. वारा सुटला की तुझ्या निळ्या खोलीची जराशी किणकिणते. डांग्या खोकल्यात तू दिवसभर दोरी ओढायचास, आणि स्वयंपाकिणीच्या आधी मीच गरम दूध घेऊन धावायचे.

परवा जुन्या इमारतींचे एक जाणकार आले होते. जेवणघराची भिंत बोटांनी ठोकून पाहिली आणि म्हणाले, आजोबांनी बाहेरून चढवलेला दगड म्हणजे नुसता अंगरखा. आत चारशे वर्षांपूर्वीचं ओकचं घर उभं आहे. गिलावा खरवडला, तर खांब धुराने काळा. तेव्हा धुराडं नव्हतं, जमिनीवरच जाळ. आपण दोघांनी घर पाडायच्या कागदावर सही केली नाही, तर ते घर वाचवायची खटपट करतील. एकदा येऊन त्या लाकडाला हात लाव, मग ठरव.

लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.
हेस्टर

टोरांटो
२ नोव्हेंबर १९५४

ती. हेस्टरताईस सा. न.

आजोबांच्या चाळीस खोल्यांवरून तू एकीवर आलीस. पुढचं पत्र कोळशाच्या कोठारातून का? त्या जाणकारांचं मनावर घेऊ नकोस. किडकं लाकूड दिसलं की त्यांना गहिवरून येतं. मला येणं जमणार नाही. सही सोबत आहे. जवळच्या लडलो गावात गरम पाण्याची सोय असलेली खोली घे. तुझं पत्र लांबलं की वाटतं, जिन्यात पडली असशील आणि कुणाला पत्ताच नसेल.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
ऑब्री

पेनस्टन हॉल
१५ फेब्रुवारी १९५५

चि. ऑब्रीस अनेक आशीर्वाद.

तुझ्यामागून मीही सही केली. एकटीने धरून घर उभं राहत नाही. जिन्यात पडले होते, डिसेंबरात. आता बरी आहे. शनिवारपर्यंत स्वयंपाकघर माझं. माणसं वरून पाडत येताहेत. मुकादम क्रॉले म्हणतो, बाई, तुमच्या ओकने माझ्या तीन करवतींचे दात पाडले.

आज सकाळी निळ्या खोलीची घंटा वाजली. वाऱ्याने वाजते तशी नव्हे, ओढून, दोनदा. आले रे, म्हणत मी उठले. दूध तापवलं. पेला घेऊन जिन्याचं दार उघडलं. चार पायऱ्या होत्या. वर आभाळ.

क्रॉले ओशाळला. भिंत पाडताना घंटेची तार ओढली गेली म्हणाला. मग पेल्याकडे बघून विचारलं, हे कुणासाठी? मी सांगितलं, धाकट्या भावासाठी, खोकतोय तो. त्याने टोपी काढली.

या पत्त्यावर आता लिहू नकोस. नवा कळवीन.

खोकला कसा आहे?
हेस्टर