गुडघाभर खड्डा

३ जानेवारी
प्रकाशकांचा फोन. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या बाई मार्चअखेर निवृत्त होताहेत, निरोप समारंभाला त्यांच्यावरचं पुस्तक तयार हवं. हो म्हणून बसलो. आयुष्यात एकही गेम खेळलेलो नाही, हे सांगायचं राहिलं!

दादा पलंगावरून म्हणाला, "पोहता येत नाही आणि निघाला विहिरीचं चरित्र लिहायला. त्यात अक्षर हे असं, कोंबडी नाचल्यासारखं."

जीभ शाबूत आहे. उजवा हात मात्र अर्धांगवायूच्या झटक्यापासून मांडीवर ठेवलाय तसाच. डॉक्टर आज पुन्हा म्हणाले — थोडी हालचाल आहे, पण वापरला नाही तर आखडेल, मग कायमचाच. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात! दादा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

७ जानेवारी
बाईंच्या ऑफिसात. मी प्रश्न काढले तर म्हणाल्या, "आधी खेळा." हातात रिमोट दिला — त्याला कंट्रोलर म्हणतात म्हणे. त्यांचा पहिला गेम, 'कंदील'. एक ठेंगू माणूस कंदील घेऊन अंधाऱ्या गावातून चालतो. निघालो तोच खड्ड्यात! मागे बाई आणि त्यांची माणसं बसलेली. कुणी हूं की चूं केलं नाही. वळून बघतो तर सगळे आपापले हात मांडीखाली दाबून बसलेले, शिक्षा झाल्यासारखे.

"खेळणाऱ्याच्या मागे असंच बसायचं," बाई म्हणाल्या. "नाहीतर बोट उठतं. इकडे जा, ते दाब. मग खेळ आपला होतो, त्याचा राहत नाही."

खड्डा गुडघाभरच होता. उडी मारली, बाहेर आलो. पुढचा चांगला खोल होता, तो आपसूक ओलांडला. या वयात उगाच आनंद झाला.

१५ जानेवारी
पूर्वी बाई लिफ्टच्या कारखान्यात पगारपत्रकं करायच्या. जेवणाच्या सुट्टीत संगणक रिकामा — तिथे 'कंदील' जन्मला. तेव्हाचे गेम पहिल्याच चुकीला जीव घ्यायचे. बाईंचाही घ्यायचा. एक दिवस शिपाई खेळायला बसला, लगेच मेला, आणि "आपल्याला नाही जमायचं" म्हणत उठून गेला. बाई सांगतात, त्याची पाठ बघून जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिला खड्डा गुडघाभर केला. पडावं, पण उठता यावं. शिपायाला परत बोलावलं. मग तो उठेचना! साहेब ओरडले, "सुट्टी संपल्याची घंटा कोण वाजवणार?"

आज दुसऱ्या कंपनीतल्या एका नावाजलेल्या डिझायनरशी बोललो. म्हणाला, "पहिला खड्डा आता सगळेच उथळ ठेवतात. आमच्याकडे त्याला 'बाईंचा खड्डा' म्हणतात. कोण बाई, ते नव्या पोरांना माहीतही नसतं."

बाईंना हे सांगितलं. खूश झाल्या. "म्हणजे रुजलं!"

१९ जानेवारी
दादाला भरवलं. शर्टाची बटणं लावली. तो भिंतीकडे बघत होता.

२४ जानेवारी
'कंदील' घरी आणलाय, अभ्यासाला. मी पडत होतो आणि दादा पलंगावरून, "अरे बैला, उडी! आता!" शेवटी म्हणाला, "आण इकडे."

डाव्या अंगठ्याने माणूस चालतो, उजव्याने उडी. माणूस खड्ड्यात उभा, दादाचा उजवा अंगठा बटणावर नुसता थरथरतोय. मला बघवेना. पुढे वाकून मीच बटण दाबलं.

दादाने कंट्रोलर टाकून दिला. "तूच खेळ. तूच जेव. माझ्या वाटचं जगूनही घे."



२५ जानेवारी
बाईंना सगळं सांगितलं. कामाच्या गप्पांत घरचं कसं आलं कोण जाणे. शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच — "हात कुठे होते तुमचे?"

२ फेब्रुवारी
बाई घरी आल्या! दादाला म्हणाल्या, "नव्या गेमला माणूस हवाय. आमचे सगळे फार हुशार झालेत, कुणी पडतच नाही."

"पडायला मी तयार," दादा म्हणाला. "त्यातला अनुभव दांडगा आहे."

बाई मागे बसल्या, हात मांडीखाली. माझ्याकडे नुसतं पाहिलं. मीही बसलो तसाच. दादा पडला. परत पडला. कपाळावर घाम. माझ्या तोंडात शब्द आला, गिळला. बोटं मांडीखाली वळवळत होती — दुसऱ्याला मदत न करणं एवढं कष्टाचं असतं!

"काय हो बाई," दादा पुटपुटला, "तुमच्या गावात नगरपालिका नाही का? खड्डा बुजवा की!"

बाई हसल्या.

आणि अंगठा दाबला गेला. खड्ड्यातून बाहेर आला माणूस. दादाने कंट्रोलर खाली ठेवला आणि कितीतरी दिवसांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं.

३ फेब्रुवारी
सकाळी सातलाच पलंगावरून आवाज — "अरे, ते यंत्र लाव."

२० फेब्रुवारी
तीन प्रकरणं राहिलीत. प्रकाशकांनी दोनदा आठवण केली. आजवर वेळ चुकवलेली नाही, याही खेपेला चुकणार नाही. पण दादा चमच्याने जेवू लागलाय. अर्धं ताटाबाहेर सांडतं. एक जेवण दीड तास! मी समोर गप्प बसतो आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवतो. छान जुळतात.

२८ मार्च
पुस्तक वेळेत. निरोप समारंभ झाला. निघताना दादाने शर्टाची बटणं स्वतः लावली. एक काज चुकलं, सगळा शर्ट तिरका. बोललो नाही. हॉलभर तसाच मिरवला.

मोठमोठी माणसं बाईंबद्दल बोलली. बाई दोनच मिनिटं — "मी खड्डे खणले. बाहेर तुम्ही तुमचे आलात." मग खाली उतरून दादापाशी आल्या. तिरका शर्ट खालपासून वरपर्यंत पाहिला, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मला त्यांचे आभार मानायचे होते. तेही एक राहिलंच.

२९ मार्च
तू बाहेर गेलायस, वही टेबलावर टाकून. हे उजव्या हाताने लिहितोय. सकाळपासून एवढंच झालं. ओळ तिरकी आहे, पण अक्षर तुझ्यापेक्षा बरं. अजून लिहायचंय. परत आलास तर शब्द सुचवू नकोस. मागे बस. हात मांडीखाली.