तांबड्या काचेतून काढलेला फोटो

वाशीम,
बुधवार, ता. ७ डिसेंबर १९३८

प्रिय पाना,

गेल्या आठ महिन्यांत तुला पत्र लिहायला चारदा बसलो. चारही वेळा आईचे गुडघे, बापूंचा खोकला आणि कपाशीची वेचणी यांच्यापुढे गाडी सरकली नाही. ते कागद फाडून टाकले. आज आधी मुद्द्याचं लिहितो, नाहीतर पुन्हा गुडघ्यांवर घसरेन. येत्या रविवारी तुझ्या सासरी पंच बसणार आहेत आणि तुला ठेवायचं की माहेरी धाडायचं ते ठरवणार आहेत, हे परवा कळलं. 'फोटोच्या वेळी मीच गालाला पावडर थापली होती, भाऊला काही ठाऊक नव्हतं,' असं तू तिथे सगळ्यांना सांगितलंस. पाना, तू पावडर लावली नव्हतीस. तुझ्या गालावरचा डाग फोटोतून मी पुसला. जाणूनबुजून, शुद्धीवर असताना.

तुला आठवत असेल, शाळेतली पोरं तुला 'भाजकी' म्हणायची आणि मी त्यांच्या मागे दगड घेऊन धावायचो. कानापासून हनुवटीपर्यंतचा तो तांबडा डाग मला कधी दिसायचाच नाही, इतका तो तुझाच होता. निदान मी तरी तसंच सांगत फिरायचो. मग रिसोडचं स्थळ आलं. तुझे सासरे बघायला आले, पण तू रीतीप्रमाणे डोक्यावरून पदर पुढे ओढून बसलेली, त्यांना काय दिसणार? तुझ्या सासूबाई, सुंदरबाई, पाय मोडून घरात पडलेल्या, त्यांना येता येईना. पण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंच होतं. त्यांनी निरोप धाडला, "पोरीच्या गालावर काईतरी हाय म्हनतेत. फोटो धाडा म्हना. फोटोत काई लपत नाई." त्या बाईंचा माझ्या धंद्यावर केवढा विश्वास! त्याची आठवण झाली की आजही मान वर होत नाही.

पहिला फोटो मी नेहमीच्या प्लेटवर, म्हणजे फोटो उमटतो त्या मसाला लावलेल्या काचेवर, काढला. ही साधी प्लेट तांबड्या रंगाला आंधळी असते. म्हणून तर आम्ही ती तांबड्या कंदिलाच्या उजेडात धुतो, तिला तो उजेड दिसतच नाही. पण जे तिला दिसत नाही ते कागदावर काळं उमटतं. तुझा डाग कोळसा फासावा तसा आला. बापूंनी फोटो हातात घेतला, पाहिला आणि पालथा ठेवला. तो फोटोही खोटाच होता गं. तुझा डाग इतका काळा कधीच नव्हता. पण हे मी बापूंना सांगितलं नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळू लागला होता.

आसेगावच्या मोहनसिंगांच्या शेताचा जुना नकाशा तुला आठवतो का? त्यावर तांबड्या शाईची दौत लवंडली होती आणि बांधाच्या रेघा बुडून गेल्या होत्या. तेव्हा त्यासाठी मी नव्या जातीची प्लेट मागवली, सगळे रंग दिसणारी, अगदी मिट्ट काळोखात धुवावी लागणारी. आणि भिंगावर तांबडी काच चढवली. ही काच उजेडातला फक्त तांबडा भाग आत सोडते, बाकी सगळे रंग दारावर अडवते. मग तांबडी वस्तू कोऱ्या कागदाइतकी उजळ येते आणि काळी शाई काळीच राहते. नकाशावरची शाई नाहीशी झाली, रेघा उघड्या पडल्या. मोहनसिंगांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "पोट्ट्या, तू तं जादूगार हायेस!" खरं तर त्या काचेचं काम आकाशातले ढग नि लांबचे डोंगर स्पष्ट आणायचं. मी ती बहिणीच्या तोंडापुढे धरली.

तू बिचारी उन्हात खुर्चीवर बसलीस. या काचेला आठपट वेळ लागतो, हलू नकोस, म्हणालो. तू श्वाससुद्धा रोखून धरलास. प्लेट धुतली आणि माझी छाती फुगली. गाल दुसऱ्या गालासारखा स्वच्छ. मग कपाळाकडे लक्ष गेलं. तुझं कुंकूही गेलं होतं. त्या काचेला डाग काय नि कुंकू काय, दोन्ही तांबडेच. कोऱ्या कपाळाचा फोटो लग्नासाठी कसा धाडणार? म्हणून मी बारीक कुंचला घेतला आणि काळ्या शाईनं, माझ्या हातानं, तुझ्या कपाळावर टिकली रंगवली. तुला दाखवला तेव्हा तू विचारलंस, "भाऊ, हे कोन होय?" मी हसून म्हणालो, "तूच तं होय, पागल." तू पुन्हा विचारलं नाहीस. इतकी वर्षं मी तुझी समजूत घालत होतो की त्या डागानं काही बिघडत नाही, आणि वेळ आली तेव्हा तो पहिल्यांदा खरवडून काढला तो मीच.

आणखी एक कबुली आहे आणि ती सगळ्यांत जड आहे. माझ्या पेटीत तेव्हा एक फिकट पिवळी काचही होती. नव्या प्लेटच्या जोडीला ती भिंगावर लावली की माणूस डोळ्यांना दिसतो तसाच उमटतो. डाग आला असता, पण कोळशासारखा नव्हे. तुझाच, जेवढा आहे तेवढा. सुंदरबाईंनी तो बघून हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं. मला ठाऊक होतं. ती काच मी पेटीतून बाहेरही काढली नाही.

फोटो रिसोडला गेला, लग्न झालं, पदर सरला, आणि पुढचं तू भोगते आहेस. तू आळ अंगावर घेतलास तो माझ्यासाठी, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. माझं दुकान चालतं ते लग्नाच्या मुलींच्या फोटोंवर. ज्ञानचंद फोटोत लबाडी करतो असं एकदा पसरलं की कोण येणार? म्हणून मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो नाही, त्याच फोटोची दुसरी प्रत दुकानाच्या दर्शनी कपाटात लावली. परवा सोमवारी जावईबापू वाशीमला आले होते. कपाटासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. मग आत आले, टेकले आणि म्हणाले, "भाऊ, गालाचं मले काईच वाटत नाई. पहिल्या दिवशीबी वाटलं नाई. पन ते मह्यासंग खोटं बोलली, याचं मनाले लागते. पंचाईले मी काय सांगू?" पाना, मी त्या माणसाला चहा पाजला. साखर कमी आहे का विचारलं. आणि रिसोडच्या मोटारीपर्यंत पोचवून आलो. एवढं साधं, भलं माणूस तुझ्यावर रुसलंय ते माझ्या खोट्यासाठी, आणि मी त्याला साखरेचं विचारत होतो.

ते गेल्यावर फोटो कपाटातून काढला. बापूंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, झालं गेलं, आता तोंड उघडून दोन घरं बुडवू नको. मी त्यांचं ऐकणार नाही. शनिवारच्या मोटारीनं निघून रविवारी पंचांपुढे उभा राहायचं ठरवलं आहे. कुणाला पटलं नाही तर तुमच्या घरच्या फोटोतल्या कपाळावर ओलं बोट फिरवायला सांगेन. शाई बोटाला लागेल.

पण मी स्वतःला ओळखतो. शाळेत दगड घेऊन धावणारा मी, पोरं उलटून उभी राहिली की घरी पळायचो, हे तुलाही माहीत आहे. शनिवारी सकाळी मला ताप भरेल, नाहीतर मोटार चुकेल, नाहीतर आईच्या गुडघ्यांची आठवण होईल. म्हणून हे पत्र, पाना. क्षमा मागायला नाही. ती मागायचं तोंड मला राहिलेलं नाही. रविवारी मी दिसलो नाही तर माझी वाट पाहू नकोस आणि मला झाकू नकोस. हा कागद जावईबापूंच्या हातात दे आणि पंचांपुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला सांग. त्यासाठीच खाली बापाच्या नावासकट आणि धंद्यासकट सही करतो आहे.

तुझाच भाऊ,
ज्ञानचंद चांदमल,
फोटोग्राफर, वाशीम