पाडव्यापासून धरलेलं पथ्य

आई, मलाही रक्तदाब निघाला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून लहान. तिनं गोळ्या लिहून दिल्या आणि वर एक कोरा तक्ता दिला. येत्या आठवड्यात काय खाणार, किती चालणार, कुणाकडे जेवायला जाणार, सगळं आधीच लिहून काढायचं. आयत्या वेळी ठरवाल तर फसाल, म्हणाली. सकाळपासून तो तक्ता घेऊन बसलेय आणि मंगळवारच्या पुढं सरकले नाही. दोनदा उठून चहा केला, घासलेली भांडी पुन्हा घासली, गच्चीवर जाऊन अजिंक्यताऱ्याकडं बघून आले. साताऱ्यात इतकी वर्षं काढली, पण आज या घरात कुठं बसावं तेच कळेना. शेवटी तक्ता उलटा केला आणि त्याच्या मागच्या बाजूला तुला लिहायला घेतलं.

तुला असला तक्ता कुणी दिला नव्हता. दुष्काळ नुकताच सरला होता, आबा फौजेत, आणि मी मिरजेला नर्सिंग शिकत होते. सुट्टीला आष्ट्याला येताना मी रक्तदाब मोजायचं यंत्र मागून आणलं, निव्वळ शान मारायला. तुझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि पारा बघून माझी सगळी शान उतरली. दुसऱ्याच दिवशी तुला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, मीठ तोडा, लोणचं-पापड बंद, नाहीतर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल. परतीच्या एसटीत तू बोटांची पेरं मोजत बसलीस. मला वाटलं, घाबरली. आष्टा जवळ आलं तशी म्हणालीस, "एकदम न्हाई जमायचं गं. माणच्या दुष्काळी मुलखातली मानसं आमी. भाकरी, खर्डा आन् मिठाचा खडा, येवढ्यावर वाढलोय. पाडव्याला दोन म्हैनं हायती. तवर हात आवरत आणते. पाडव्यापासनं बंद." मला हसू आलं होतं. पथ्याला कुणी मुहूर्त बघतं का? पण तू खरंच ठरवून चाललीस. दर आठवड्याला आमटीतलं मीठ चिमटीनं कमी करत गेलीस. लोणच्याची बरणी उचलून शेजारच्या भाभींकडं नेऊन ठेवलीस आणि त्यांना बजावलंस, "भाभी, मी मागाय आले तरी दिऊ नगा. पोरगा आला तर त्याला फोड द्या." मग आपला दादा रोज जेवताना वाटी घेऊन भाभींच्या दारात उभा! त्यांचे मियाँ बांगड्यांच्या पेटीवरून मान वर करून विचारायचे, "काय, आज बी अळणी?" पाडव्याला तू गुढीला नमस्कार केलास आणि त्या दिवसापासून घरची आमटी बिनमिठाची. ज्याला हवं त्यानं पानात वरून घ्यावं. त्या उन्हाळ्यात गल्लीभर पापड वाळत होते आणि आपलं अंगण रिकामं होतं. सुट्टीत मी पुन्हा पट्टा बांधला. तू श्वास धरून बसली होतीस. "उतरला का गं?" असं विचारलंस, पहिलीतल्या पोरीनं मार्क विचारावेत तसं. उतरला होता, आई. चांगला उतरला होता.

आता पुढचं लिहायचं म्हणून मी आत्ता उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. आंब्याच्या दिवसांत मला बघून गेलेली माणसं बोलणी करायला यायची होती. पुरणपोळीचा बेत. तू पहाटेपासून चुलीपुढं. मी आमटी चाखली तर नेहमीसारखी अळणी. म्हटलं, आई, आजच्या दिवस तरी मीठ घाल, काय म्हणतील ती लोकं? तू म्हणालीस, "पानात वाढू की मीठ. कमी-जास्त ज्याचं त्यानं घ्यावं. माजं पथ्य हाय, त्यात लाजायचं काय?" आणि लुगडं बदलायला आत गेलीस. मी चुलीपुढं उभी आहे. हातात मिठाची बरणी आहे. मला फक्त एवढंच दिसतंय की होणारी सासू पहिला भुरका मारते आणि शेजारणीकडं बघते. मी मूठभर मीठ आमटीत टाकलं, ढवळलं आणि झाकण ठेवलं. तुझ्यासाठी आधी वाटीभर बाजूला काढावी, एवढंही सुचलं नाही. शिकत काय होते मी मिरजेला!

पाहुणे पोटभर जेवले. सासूबाई म्हणाल्या, "आवं, आमटी लय झ्याक झालीया." तू गोंधळलीस, पण हसलीस. लग्न त्याच पंगतीला ठरलं. मग सगळे गेल्यावर तू जेवायला बसलीस आणि पहिल्याच घासाला थांबलीस. मी समोरच होते. तू उजवा हात उलटसुलट करून बघितलास. "ह्या हातानंच घात केला बघ. वीस वर्सांची सवय, कवा पडलं कळलं बी न्हाई." मी म्हटलं, असू दे, उद्यापासून परत धर. तू मान हलवलीस. "धरल्यालं मोडलं की मोडलं. मंगळवार-गुरुवारचा उपास मोडला तर आपण दुसऱ्या दिवशी करतो का? आता फुडच्या पाडव्याला नव्यानं." त्याच संध्याकाळी जाऊन तू भाभींकडची बरणी परत आणलीस. भाभी दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "नेऊ नका हो, ठेवा इथंच." तू म्हणालीस, माझं माझ्यानंच राखलं गेलं नाही, तुम्ही कुठवर राखणार.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मीठ मी टाकलं, तुझ्या हातून काही मोडलेलं नाही. तुझ्या हिशेबानं मग ते मोडलंच नसतं! तू दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अळणी आमटी रांधली असतीस, मला खात्री आहे. पण घरात सगळे खुशीत होते, आबांना पत्र गेलं होतं, आणि मला शरम वाटली. उद्या सांगू, लग्न झाल्यावर सांगू, असं करत राहिले. चालढकल करायला मला मुहूर्त लागत नाही. तू माघात गेलीस, पाडवा दीड महिन्यावर असताना. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं आधी, उजवी बाजू. तोच हात. मी नुकतीच सासरहून आले होते आणि तो हात चोळत बसले होते. तेव्हाही मी बोलले नाही. तुला ऐकू येत होतं, आई. डोळ्यांवरून कळत होतं.

तुझा विषय निघाला की दादा अजून म्हणतो, "आईचा जिभेवर ताबा न्हवता. जित्याची खोड." प्रेमानं म्हणतो, पण म्हणतो. त्याची पोरं हसतात. आजीला लोणचं आवडायचं आणि लोणच्यानंच गेली, असं ऐकतच ती मोठी झालीत. दोन महिने आपल्या अक्कलहुशारीनं एक-एक चिमूट कमी करत आणलेली बाई त्यांना कुणी सांगितलीच नाही. कोण सांगणार? मीठ कुणी टाकलं ते माहीत असलेली मी एकटी, आणि मी दर वेळी "हो ना" म्हणते. गेल्या महिन्यातही म्हटलं.

मघापासून चार वेळा फोन हातात घेतला. दादाचा नंबर काढला आणि ठेवून दिला. तो ओरडेल, कदाचित बोलणंच टाकेल, आणि त्याचं चुकणार नाही. तू यातलं काहीच करणार नाहीस. आई, खरं सांगायचं तर म्हणूनच मी तुला लिहायला बसले.