तळहात गुडघ्यावर

रविवार, ११ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. एरवी साष्टांग लिहिते, आज गुडघे दुखताहेत असं समज.

तुझ्या सत्काराचं निमंत्रण पोचलं. कागद छान जाड आहे. इकडे सगळं ठीक. ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं, पण पट्टी आहे तोवर आवाज ओळखायचा छंद लागलाय. जिन्यात कोण चढतंय, कुणाचं दार वाजलं, सगळं बसल्या जागी सांगतात. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. प्लंबर उद्या येतो म्हणालाय, म्हणजे येणार नाही.

निमंत्रणाखाली तू हाताने लिहिलंस, "पहिल्या रांगेत बस, घरचं माणूस दिसायला हवं." वाचून हसूच आलं. इतकी वर्षं तुझ्या पाठीमागे तंबोरा घेऊन बसले, तेव्हा कुणाला दिसले नाही. आता एकदम पहिली रांग!

मला ते खुपत नव्हतं, खरंच. तबलजीचं नाव पुकारायचे, पेटीवाल्याचं पुकारायचे, आणि मग "तंबोऱ्यावर त्यांच्या भगिनी". भगिनी तर भगिनी. तू तळहात गुडघ्यावर पालथा ठेवलास की वरचा सा मी लावायचा, आणि तू तोंड उघडं ठेवून मान किंचित वळवायचीस. टाळ्या तुला पडायच्या आणि भरून मला यायचं. ही खूण जगात आपल्या दोघींनाच ठाऊक होती. ह्यांनासुद्धा मी ती कधी सांगितली नाही.

माझ्या गळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू दवाखान्यात माझा हात धरून बसली होतीस. माझा गाण्याचा आवाज जाणार हे दोघींना कळून चुकलं होतं. मी एकच मागितलं, माझ्या लेकीला तुझ्या पाठीमागे बसवायचं नाही. गायली तर स्वतःच्या नावाने गाईल. तू म्हणालीस, "वेडी का खुळी? शेजारी बसवेन तिला." त्या भरवशावर मी निर्धास्त भूल घेतली.

त्यानंतर तू वर जायचं सोडलंस, खालच्या सुरांतच रमलीस. आणि गेल्या काही महिन्यांत पेपरात यायला लागलं की ताईंचा वरचा सा परत आलाय. ती कात्रणं मी जपून ठेवली, ताई. शेजारणीला दाखवली. म्हटलं, बघा, या वयात मेहनत म्हणजे काय असते! इतकी मी बावळट.

परवा शुक्रवारी रेडिओवर तुझा कार्यक्रम थेट होता. मी इस्त्री करत होते. तू वर चढत गेलीस आणि सा लागला. हे खुर्चीतून म्हणाले, "अगं, तुझं जुनं रेकॉर्डिंग लावलंय बघ."

"थेट कार्यक्रम आहे तो."

"मग तू इथे कशी?"

ह्यांचा शर्ट जळला.

लाज सोडून सांगते, क्षणभर मला अभिमानच वाटला. काय गळा आहे पोरीचा! मग ती कुठे बसून गातेय ते लक्षात आलं.

लेक काल संध्याकाळी घरी आली. ऑफिसच्या ट्रेनिंगला म्हणून बॅग भरून गेली होती. हल्ली तिच्या ऑफिसात फार ट्रेनिंग असायची.

"कसं झालं ट्रेनिंग?" मी विचारलं.

"बरं झालं."

"वर जाताना श्वास उशिरा घेतेस तू."

बॅग हातात धरून ती तशीच उभी राहिली. आधी रडली, मग माझ्यावरच उखडली. "मावशीने निदान गा तरी म्हटलं मला. तू घरात कधी गुणगुणू दिलंस?" खोटं नव्हतं ते. मी विचारलं, नेमकं कधी गायचं ते तुला कसं कळतं? ती जमिनीवर बसली आणि तळहात गुडघ्यावर पालथा ठेवून दाखवला.

"ही खूण मावशीने माझ्यासाठी शोधून काढली," म्हणाली. "मी तिच्याजवळ बसले पहिल्यांदा, तेव्हा."

तिच्यासाठी शोधून काढली! ताई, शब्द मोडलास, पोरीला खोटं बोलायला लावलंस, ते एक वेळ गिळलं असतं. पण माझी जागा दुसरीला देताना त्या जागेवर कधी कुणी होतं, एवढंही सांगणं तुझ्या जिवावर आलं? मी तिला काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

सत्काराला मी येणार आहे. पोरगी तुझ्या पाठीमागे बसेल. तिने तुला तसं कबूल केलंय, मी तिला अडवणार नाही. गाण्याआधी माईक तू हातात घे. तंबोऱ्यावर कोण आहे ते सांग, आणि वरचा सा कुणाचा तेही सांग. ते जमत नसेल तर हात मांडीवर उताणा ठेव आणि सा तू स्वतः लाव. यातलं काहीच केलं नाहीस, तर पालथा हात पहिल्या रांगेतून मला चांगला दिसेल आणि मी भर सभेत उठून उभी राहीन.

"माझी भाची" म्हणून भागवू नकोस. तिला नाव आहे. दवाखान्यात तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलंस, तेव्हा तूच ते ठेवलंस.

तंबोऱ्यावरची,
तुझी भगिनी