दोर आधी की हाक आधी

३ फेब्रु. १९५८, रेवस
सकाळी नेहमीसारखा धक्क्यावर. मुंबईचं वर्तमानपत्र लाँचीनं येतं, तेवढंच निमित्त. खाडीवर धुकं, मनात भुजंगप्रयात. हमाल फळीवरून तांदळाच्या गोण्या लाँचीवर चढवत होते. तेवढ्यात...
त्यांच्यातला बाळू गेला. फळीवरून खाली, लाँच आणि धक्का यांच्या मधे. चौथीत माझ्याकडे होता. पाठांतराला उभा राहिला की डोळे मिटून घ्यायचा.
पुढे लिहवत नाही.

५ फेब्रु.
हमालांचा मुकादम धर्मा आला होता. रोज कानावर पडतं ते असं: फळीवर पाय टाकताना हमाल ‘आलो!’ म्हणतो. खलाशी दोर सोडताना ‘सोडला!’ म्हणतो, आणि तेव्हा फळी रिकामी हवी. लाँचीचा एजंट म्हणतो, आधी ‘सोडला’ झालं, बाळू नंतर धावला, चूक त्याची. हमाल म्हणतात, उलट.
“तुमी समोरच व्हता, गुरुजी. चौकशीत बंदरचा साहेब तुमचं ऐकंल. चूक लाँचवाल्यांची ठरली तर रुंद फळी नि कठडा मागता येल. न्हायतर आज बाळू, उद्या मी.”
हो म्हटलं. ऐकलंय ना मी. ऐकलंच आहे.

८ फेब्रु.
दिवसभर तेच. आलो... सोडला. असं म्हटलं की ठेका बरोबर बसतो. म्हणून तर खरं वाटत नाही ना? उलट म्हणून पाहिलं, तर मधेच अडखळायला होतं. पण जे घडलं ते अडखळतच घडलं असेल.
हिला सांगितलं. म्हणाली, “भाजीत मीठ होतं की नव्हतं हे तुम्हाला सांगता येत नाही, आणि निघाले साक्ष द्यायला!” हसलो. मग हसू येईना.

११ फेब्रु.
हमालांनी फळीवर पाय ठेवायला नकार दिलाय. गोण्या डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून जातात. लाँच खोळंबते, उतारू शिव्या देतात. ओळीत बाळूची जागा मोकळी सोडतात. एक माणूस, एक माणूस, मग नुसतं पाणी. बघवत नाही आणि नजरही हटत नाही.
एजंट भेटला. “या गुरुजी, चहा घ्या. तुम्ही कवितेतले माणूस, तुमचं लक्ष कुठे असणार म्हणा!” राग आला. चहा घेतला नाही. पण खोटं काय बोलला तो?

१६ फेब्रु.
चौकशी झाली. बंदरकचेरीत साहेब, कारकून, एजंट. हमाल दाराबाहेर.
“आधी काय ऐकलंत?”
घरून ‘आलो’ ठरवून निघालो होतो. तोंड उघडलं आणि...
“दोन्ही ऐकू येतात, साहेब.”
“एक सांगा.”
एजंट रुमालानं तोंड पुसत होता. मी म्हणालो, कठडा असता तर हा प्रश्न विचारायची पाळीच आली नसती.
“विचारलं तेवढंच सांगा.”
कारकुनानं ते लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.
बाहेर धर्मा म्हणाला, “‘आलो’ म्हनायला काय जात व्हतं, गुरुजी?”
काय जात होतं? ‘आलो’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं का? कदाचित खरंच असतं. मग मी आज काय केलं?

१८ फेब्रु.
निकाल नाही. उद्या धक्क्यावर बाळूसाठी सभा. कठड्याची मागणी पुन्हा, साहेब काहीही ठरवो.
दोघे हमाल आमच्या पडवीतला बाक मागायला आले.
“मुकादमानं सांगितलाय. न्यावा का?”
“न्या की.”
उचलून निघाले. एक पाय डुगडुगतो, तो जपा, म्हणून मीच मागून ओरडलो. त्यांनी मान हलवली.
सभेला या म्हणाले नाहीत. येऊ नका असंही नाही.
ही विचारते, उद्या जाणार का? धोतर धुऊन वाळत घातलंय.