डावीकडची सीट

प्रिय पायलट,

हे तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. मी ते आजवर कधी तोंडात घेतलं नाही, आज न विचारता वापरते आहे. आवडलं नाही तर खोडून पुढे वाच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर आपण दोघी फार सभ्य बोलतो गं. परवा तू विचारलंस, मी येऊ का? मी म्हणाले, तुझ्या सोयीने बघ, तुझ्या शाळेतल्या पोरांच्या परीक्षा असतील. तू म्हणालीस, बरं. झालं, संपलं बोलणं. नंतर मी कितीतरी वेळ तो फोन मांडीवर घेऊन बसले होते. भांडणाऱ्या बायका परवडल्या, निदान मनातलं बोलून तरी मोकळ्या होतात.

तर आधी तुझ्या बाबांबद्दल. ताप पूर्ण गेला आहे, खोकला रात्रीचा थोडा उरलाय. फ्लू छातीत उतरला म्हणून दाखल केलं तेव्हा श्वास पुरत नव्हता, पण जीभ मात्र पुरत होती. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला म्हणाले, क्लच हळू सोड रे बाबा, गाडी बंद पडेल. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवलेला माणूस, शेवटी ढकलगाडीतही शिकवणी सुरूच. खोलीत आणखी एक रुग्ण आहेत, निवृत्त पोस्टमन. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे घरी पण असेच का हो? मी म्हटलं, घरी जास्त.

झटका आला ती दुपार तुला फोनवर नीट सांगितलीच नाही. ताप उतरला होता, मी निर्धास्त झाले होते. जेवणाचं ताट आलं. त्यांनी उजवीकडचं सगळं खाल्लं आणि डावीकडचं तसंच ठेवलं, मधोमध रेघ मारल्यासारखं. वर कुरकुर, आज एवढंसंच दिलं? माझं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलेलं, मला दुसरं काय सुचणार? मी त्यांचा चष्मा काढला, डावी काच ओढणीने पुसली, फुंकर मारून पुन्हा पुसली, नाकावर नीट बसवली. ताट अर्धंच. ओठ जरा कलले होते, तेही मला ऑक्सिजनच्या मास्कमुळे वाटलं. तेवढ्यात सिस्टर औषध घेऊन आल्या. त्यांनी आधी ताटाकडे बघितलं, मग यांच्याकडे, आणि म्हणाल्या, काका, दोन्ही हात वर करा बघू. यांनी उजवा वर केला. सिस्टर म्हणाल्या, दोन्ही. हे चिडले, केले की! डावा हात चादरीवर पडला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. सिस्टर धावतच गेल्या.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, अशा संसर्गाशी झगडताना रक्त सहज गोठू लागतं, आणि त्यातली एखादी गुठळी मेंदूत जाऊन अडकते. छातीच्या आजारासाठी आलेल्यांना कधी कधी असं होतं म्हणे. वेळेत लक्षात आलं म्हणून औषध देता आलं. हातात ताकद येते आहे, धरून चार पावलं टाकतात, बोलणं तर थांबलंच नव्हतं. पण एक गोष्ट परत आलेली नाही. डावीकडची बाजू. डोळे चांगले आहेत, मी स्वतः तपासले. दिसतं, पण मन तिकडची दखलच घेत नाही. केस विंचरतात ते उजवीकडचे. दाढी करतात ती उजव्या गालाची. डावीकडे जग आहे हेच त्यांच्या गावी नाही. आणि हा कोण माणूस? ज्याने अख्ख्या गावाला ओरडून ओरडून सांगितलं, डावा आरसा बघा, डावीकडे काय तुमचा मामा बघणार आहे का? मलाही हेच ओरडले होते, पहिल्याच धड्याला. तेव्हा मला रडू आलं होतं. आता ते आठवून हसू येतं आणि मग पुन्हा रडू येतं.

व्यायाम करून घेणारी मुलगी तुझ्याच वयाची आहे. ती म्हणते, त्यांना आवडतं ते सगळं डावीकडे ठेवा. रेडिओ, घड्याळ, माणसं. मान तिकडे वळली पाहिजे, पुन्हा पुन्हा वळली पाहिजे. सुरुवातीचे आठवडे फार मोलाचे. नाही वळली, तर घरी जाऊनही त्यांना एकट्याने रस्ता ओलांडता येणार नाही, गाडी तर लांबच राहिली. म्हणून मी माझं स्टूल डावीकडे नेलं. तेव्हापासून मी हरवले आहे. ते उजवीकडच्या भिंतीला विचारतात, ही कुठे गेली? मी म्हणते, अहो, इथेच आहे. आवाज ऐकून आणखी उजवीकडे शोधतात. पोस्टमनकाकांना म्हणाले, माझी बायको फार वेळ चहाला जाते हो.

तुला तो दिवस आठवतो का, आमच्या लग्नाची सही करून आपण तिघं कचेरीतून बाहेर आलो तो? त्यांनी घाईत मला पुढचं दार उघडून दिलं. तुझा चेहरा बघितला आणि मला कळलं, ही जागा कुणाची आहे ते. मी मागे जाते म्हणाले. तू म्हणालीस, बसा ना, कुठेही बसलं तरी गाडी पोहोचतेच. मग तू मागे बसलीस, आणि त्यानंतर त्या गाडीत कधी बसली नाहीस. तुला माहीत नाही, पण मीही पुढे परत बसले नाही. आम्ही दोघंच असलो तरी मी मागेच बसते. शेजारीण म्हणते, नवऱ्याला चांगलं ड्रायव्हर करून ठेवलंस. मी काही सांगत बसले नाही. शिकवणीच्या त्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक आहे, आणि लहानपणी तू तो भर चौकात कसा दाबायचीस, हे मला त्यांनीच सांगितलं. सांगताना त्यांचं लक्ष सारखं त्या रिकाम्या जागेवर होतं.

आता परवाची गोष्ट. तुझा फोन आला तेव्हा माझे हात साबणाचे होते. फोन डावीकडच्या कपाटावर होता, मी कोपराने स्पीकर लावला. तू म्हणालीस, हॅलो, मी बोलतेय, ते जेवले का? मी उत्तर देणार, तोच त्यांची मान हलली. उजवीकडून समोर, समोरून हळूहळू डावीकडे, गंजलेलं दार ढकलावं तशी. माझ्यावरून पुढे जाऊन फोनपर्यंत. कपाळावर आठी घालून म्हणाले, पायलट, पाय वर घे.

तुला ते ऐकू गेलं नाही. तू तेव्हा परीक्षांचं सांगत होतीस. सिस्टरना वाटलं, ते भ्रमात बोलताहेत. मला मात्र कळलं, त्यांना ब्रेकवरचा तुझा पाय दिसत होता. खोटं कशाला बोलू, आधी पोटात दुखलंच. इतके दिवस त्या स्टुलावर मी बसले, आणि मान वळली ती तुझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी मी तुझा आवाज काढून बघितला. जेवले का, पाय ठेवू का ब्रेकवर? ते हलले नाहीत. पोस्टमनकाका मात्र इतके हसले की त्यांनाच खोकल्याची उबळ आली.

म्हणून हे पत्र. जन्मभर गाडी चालवताना त्यांचं अर्धं लक्ष डावीकडे असायचं ते आरशासाठी नव्हे गं, तुझ्या पायांसाठी. ती धास्ती अजून जागी आहे. बाकी सगळं झोपलंय. तेव्हा मी परवा म्हणाले ते सोयीचं वगैरे विसर. सोयीने येऊ नकोस, ये. रागात असशील तर रागात ये, माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्यांच्या डावीकडे बसून बोल, शाळेचं, पोरांचं, काहीही. पहिले काही दिवस ते तुला भिंतीतच शोधतील, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. स्टूल जरा डुगडुगतं, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली आहे. मी खोलीतच असेन, खिडकीपाशी, तुम्हा दोघांच्या मागे. मला तिथून छान दिसतं.

तुझीच,
मागच्या सीटवरची