अक्का, माझी काठी तुम्हीच दिलीत

ती. अक्का,

एकाच घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्र लिहीत नाहीत. लग्न होऊन दहा वर्षं झाली, मला तुम्हाला साधी चिठ्ठीही कधी लिहावी लागली नाही. जिन्यातून हाक मारली की तुम्ही ओ द्यायचा. आज लिहायला बसले, कारण काल जे ऐकलं ते तुम्हालाच विचारायचं आहे आणि विचारायला तुम्ही नाही. दुपारचे दोन वाजलेत. वर आपल्या पूल खेळायच्या खोलीत, बाकावर बसून लिहिते आहे.

पण आधी मला सांगा, असं कुणी जातं का? त्या मंगळवारी तुम्ही टेबलाचं हिरवं कापड झाडत होता. "सुनंदा, चहा टाक, आलं घाल जरा," म्हणालात. मी खाली गेले, आलं ठेचलं, दूध वर येईपर्यंत उभी राहिले. दोन कप घेऊन आले तर तुम्ही बाकावर भिंतीला टेकलेल्या, मांडीवर ब्रश. मला वाटलं, डोळा लागला. मी तुमचा कप शेजारी ठेवला आणि माझा चहा प्यायला लागले. तुमच्याच शेजारी बसून, अक्का. अर्धा कप संपला तरी मला कळलं नाही.

माती देऊन आले तरी मला खरं वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. त्रास झाला नाही हे ते कशावरून सांगतात?

मी कराडहून या घरात आले तेव्हा सगळ्यात जास्त धाक तुमचा होता. नवऱ्याची थोरली बहीण, संकेश्वरच्या सासरहून कायमची परत आलेली, मोठा आवाज, अर्धं बोलणं कानडीत. "मी येतो, मी बसतो," असं बाईमाणूस बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. खाली तुमच्या भावाचं भांड्यांचं दुकान, वर रिकामं गोदाम. इचलकरंजीत कुणीतरी क्लब बंद करत होतं, त्याची पूलची दोन टेबलं तुम्ही उचलून आणलीत. सगळी भावकी म्हणाली, बाईनं असलं चालवायचं नसतं. तुम्ही म्हणालात, "गोदाम रिकामं हाय, मीबी रिकामी हाय. मग काय उंदरं पाळू?"

आणि चालवलंत. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "पावणं, शिगरेट खाली. वर फक्त खेळ." सगळे मुकाट ऐकायचे.

एक ते चार खोली बंद असायची. त्या वेळात तुम्ही मला शिकवलंत. मी घाबरून म्हटलं होतं, मला कसं जमेल? तुम्ही म्हणालात, "भाकरी थापताना हात सरळ पडतोय न्हवं? मग हितंबी पडतोय." भिंतीवरच्या खेळायच्या काठ्या बहुतेक वाकड्या. टेबलावर ठेवून लोटली की डुगडुगत जायच्या. त्यातली एकच बरी होती, ती तुमची. उरलेल्यांतली एखादी घेऊन मी वर्षभर हरत राहिले, आणि हरतानाही मजा यायची.

मग नव्व्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तुम्ही ती आणलीत. खडू आणि कापड घेऊन येणाऱ्या विक्रेत्याला सांगून मुंबईहून मागवली होती. मी भाकरी थापत होते. "हात धू आणि हे बघ," म्हणालात. दोन तुकड्यांची काठी, मधे आट्यांनी जोडायची. मूठ जांभळाच्या रंगाची, तिच्यावर पांढरा दोरा गुंडाळलेला. "तुझी हाय. कुणाला हात लावू देऊ नको." अक्का, माहेराहून आणलेली भांडीसुद्धा या घरात आल्यावर सगळ्यांची झाली होती. माझी एकटीची म्हणावी अशी ती पहिली वस्तू. मी ती साड्यांच्या कपाटात ठेवत होते. शेवटी तुम्हीच म्हणालात, "खुळी हायस काय, वर ठेव, लाकडाला वारं लागाय पाहिजे."

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तुम्हाला हरवलं. पहिल्यांदाच. माझे सगळे बॉल गेले, काळा तेवढा कोपऱ्याजवळ राहिला होता. मी मारला आणि तो सरळ आत गेला. मी हसत तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काठी भिंतीला लावलीत आणि म्हणालात, "चहा टाक." मी चहा टाकला. मला वाटलं, तुम्हाला माझं कौतुक वाटतंय आणि तुम्ही ते दाखवत नाही. तुमचं सगळंच तसं असायचं.

चार दिवसांनी वर आले तर माझ्या काठीची जागा रिकामी. तुम्ही मला बाकावर बसवलंत, माझा हात हातात घेतलात. "तुझ्या नवऱ्याला पटंना झालंय. भावकीत बोलत्यात. म्हणाला, काढून टाक. मी काय करू?" मी रडले. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालात, "सुम्न कूड, गप बस. पुरुषांचं असंच असतंय."

मी तुमच्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

त्या दिवसापासून मी दुकानात डबा घेऊन जाणं सोडलं. तुमच्या भावाशी कामापुरतं बोलले. एका शब्दानंही त्यांना विचारलं नाही, कारण वाटलं, विचारून तरी काय, माझ्याशी न बोलता ज्यानं ते केलं त्याला विचारायचं कशाला? आणि पुन्हा खेळलेही नाही. तुम्ही अधूनमधून म्हणायचा, "ये की, एक डाव खेळू." मी नको म्हणायची. तुम्ही आग्रह केला नाही. सहा वर्षं, अक्का.

काल तुमचं दिवसकार्य झालं. जंगम स्वामी जेवून गेले. तुमची खेळायला येणारी सगळी पोरं, म्हणजे आता तीस-पस्तिशीचे बाप्ये, वर येऊन बसली. कुणी टेबलाला हात लावला नाही. बोलता बोलता विषय निघाला, कुणाची पहिली काठी कुठली. एकानं बांबू तासून केली होती. एकाची पहिल्याच दिवशी एसटीत राहिली, आजऱ्याला गेली. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत हसू आलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

मग मोटार वाइंडिंगवाले महादेव म्हणाले, "माझी पयली काठी अक्कांनीच दिली. जांभळी मूठ, पांढरा दोरा. म्हणाल्या, घेऊन जा आणि परत हितं आणू नको. म्या विचारलं, का ओ अक्का? तर म्हणाल्या, या काठीनं आमची भावजय मला हरवत्या. मी हरलोय, ती डोळ्यापुढं नको."

सगळे हसले. त्यांच्या दृष्टीनं ती तुमची एक गमतीची आठवण होती. महादेव माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचीच न्हवं ती? अजून हाय माझ्याकडं. आणून देऊ का?"

मी म्हटलं, "नको. तुमचीच आहे ती आता." कप कसे वाटले, आठवत नाही.

रात्रभर मी स्वतःला समजावत होते की महादेवांचा काहीतरी घोटाळा झाला असेल. सकाळी दुकानात गेले. तुमचे भाऊ पातेल्यांची उतरंड लावत होते. मी विचारलं, "माझी काठी काढून टाका, असं तुम्ही अक्कांना सांगितलं होतं का?"

"कुठली काठी?"

"पूलची. जांभळ्या मुठीची."

हातातलं पातेलं घेऊन ते तसेच उभे राहिले. "मी कशाला सांगू? मला वाटलं, तुझाच नाद संपला. वाईट वाटलं मला. तू दुपारी वर खेळायचीस, खाली आवाज यायचा. बॉल पडला की मला कळायचं, हा तुझा."

"मग विचारलं का नाही?"

"तू बोलायचीस कुठं?"

दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून बरं झालं. ते गिऱ्हाईक जाईपर्यंत मी पातेली पुसत राहिले.

मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही त्यांचं नाव पुढं केलंत हेही सांगितलं.  ते म्हणाले, "अक्काला हरायची सवय न्हवती. सासरी एकदा हरली, तेवढंच." आणि पातेली लावायला लागले. त्यांचे डोळे भरले होते. तुमच्यासाठी की आमच्या सहा वर्षांसाठी, मी विचारलं नाही.

अक्का, तुम्ही मला म्हणाला असता, "सुनंदा, मला सोसंना," तर मी ती काठी स्वतः नेऊन महादेवांना दिली असती. खरंच दिली असती. तुमच्याहून मोठी होती का ती? आणि नंतर, माझं नि त्यांचं बोलणं आटत गेलेलं तुम्ही एकाच घरात राहून बघितलंत, तेव्हा तरी तोंड उघडायचं. माझ्या ताटात वाढताना तुम्हाला काय वाटत होतं? की तुम्ही विसरूनच गेला होता? यातलं काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

मला तुमची आठवणही येते आणि तुमचा रागही येतो, आणि दोन्ही एकदमच येतात. याचं काय करायचं, ते तुम्हीच शिकवायला हवं होतं.

सोमवारी खोली उघडते आहे. मीच बसणार आहे, सिगरेट खालीच राहील. शेजारच्या पोरी दुपारी शिकायला येऊ का म्हणून विचारत होत्या, त्यांना हो म्हटलं आहे. एक कबूल करते तुमच्यापाशी. त्यांच्यातली एखादी एक दिवस मला हरवेल. मला ते लागेल, चांगलंच लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते. पण मी काठी भिंतीला लावीन, तिचा हात हातात घेईन आणि म्हणेन, "चांगलं खेळलीस." मग चहा मी स्वतः टाकीन.

तुमची भावजय,
सुनंदा